सोजू, साहेब आणि शिष्टाचार: वाचकांची प्रश्नोत्तरं

चाकणला कोरियन कंपनीत आहे. ट्रेनिंगसाठी सोलला चाललोय. दारू घेत नाही. ऑफिसनंतरच्या पार्ट्यांचं काय करू?

त्या पार्टीला तिकडे ‘ह्वेशिक’ म्हणतात. तुम्ही प्यायला नाहीत तर चालतं, आलाच नाहीत तर खटकतं. त्यामुळे जा, आणि सुरुवातीलाच स्वच्छ नाही म्हणा. ‘बघू, थोडीशी’ म्हणालात की संपलंच!

न पिणाऱ्याने ओतायला शिकावं. बाटली उजव्या हातात, डावा हात उजव्या मनगटाशी किंवा कोपराशी. वडीलधारं माणूस ओतत असेल तर ग्लास दोन्ही हातांनी पुढे करायचा. पिणारे मग तोंड बाजूला वळवून पितात. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा रिकामा दिसला की भरायचा. अर्ध्या ग्लासात मात्र भर घालू नका. ती रीत जपानची. सोजू म्हणजे कोरियाची नेहमीची दारू; तिच्या ३६० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सात छोटे ग्लास होतात. दोघांत, तिघांत, चौघांत कसेही वाटा, हिशेब जुळत नाही, आणि आणखी एक बाटली येते.

या सगळ्यामागे खरंच कन्फ्यूशियस आहे का?

थोडाफार. या प्राचीन चिनी विचारवंताच्या वचनसंग्रहाच्या दहाव्या भागात म्हटलंय की दारूचं त्याला माप नव्हतं, पण तोल जाईपर्यंत तो पीत नसे. आणि गावच्या मद्यपानाच्या बैठकीत काठी टेकणारी म्हातारी मंडळी उठली की मगच तो निघे. कोरियात जोसन राजवटीत (१३९२–१९१०) वयाचा मान राखून प्यायचा गावसमारंभच असे. वडीलधाऱ्यांपुढे तोंड वळवणं त्याच मुशीतलं. पण साहेब उठेपर्यंत कुणी हलायचं नाही, पोटात जागा असो-नसो ग्लास रिता करायचा, ही माझ्या मते कंपन्यांची आणि लष्करी शिस्तीची देणगी. बिचाऱ्या ऋषीवर उगाच आळ!

चीनमध्ये ग्लास खाली धरतात म्हणे?

हो. ग्लासाला ग्लास लावताना ज्येष्ठाच्या ग्लासाच्या कडेपेक्षा आपली कड खाली. दोघंही नम्र निघाले तर ग्लास टेबलापर्यंत पोचतात. बायजिउ ही तिथली दारू बऱ्याचदा ५० टक्क्यांच्या वर असते, म्हणून ग्लास चिमुकले. सरकारी पाहुणचाराच्या जेवणांतून मात्र २०२५ च्या मे महिन्यात दारू बाद झाली.

लेक सोलला नोकरीला लागली आहे. तिला नाही म्हणता येईल?

पूर्वीपेक्षा सोपं आहे. २०१८ पासून, आधी मोठ्या कंपन्यांत, कामाला आठवड्याला ५२ तासांची मर्यादा आली. २०१९ पासून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदा आहे, आणि बळजबरीने पाजणं त्यात बसू शकतं. ह्वेशिकची पहिली फेरी जेवणाची, दुसरी बिअरची, तिसरी बहुधा गाण्याच्या खोलीत. तिला सांगा, पहिल्या फेरीत मन लावून जेव, वरिष्ठांना ओत, आणि मंडळी दुसरीकडे निघाली की दारातच वाकून निरोप घे.