बोलते किती, की बोलते कुणाशी?

“मॅडम, सकाळी डोळे उघडले की सुरू होते, ती रात्री झोपेपर्यंत. डोकं उठतं हो अक्षरशः.”

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या आयांकडून ऐकलंय (आणि दोन-तीन बाबांकडूनही) की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं मनात होतं. मूल साधारण अडीच-तीन वर्षांचं असतं, अखंड बोलणारं. तब्येत उत्तम, खाणंपिणं ठीक. आईबाबा मात्र थकलेले. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “हायपर तर नाही ना?” दुसरा, “आम्हीच लाडावून ठेवलंय का?” तिसरा प्रश्न बहुतेक वेळा पर्स खांद्याला लावून दाराशी गेल्यावर येतो. “मला माझ्याच लेकीचा आवाज नकोसा होतो. मी वाईट आई आहे का?”

प्राजक्ताने (नाव अर्थातच बदललं आहे) तो तिसरा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला होता. ती नाशिकमध्ये एका बँकेत नोकरी करते. नवरा अंबडच्या कारखान्यात, शिफ्ट ड्यूटीवर. घरी सासूबाई आणि दोन वर्षं दहा महिन्यांची सई.

“संध्याकाळी गाडी पार्किंगमध्ये लावते आणि दहा मिनिटं तिथेच बसून राहते,” ती म्हणाली. “वर गेले की चप्पल काढायच्या आत सुरू. आई, तू कुठे गेली होतीस? आई, हे काय आहे? आई, बघ ना. एकच गोष्ट चार-चार वेळा, तीही ओरडून. मी ‘हं, हं’ करत राहते. मिस्टर म्हणतात, तूच सवय लावलीस. सासूबाई म्हणतात, बोलतंय ते पोर, मुकं असतं म्हणजे?”

मग ती थांबली. पाण्याचा ग्लास हातात घेतला, प्यायली नाही.

“गेल्या मंगळवारी मी तिच्या तोंडावर हात ठेवला, मॅडम. जोरात नाही. पण ठेवला. आणि आता मी घरात शिरले की तीच स्वतःच्या तोंडावर हात ठेवते आणि माझ्याकडे बघते. तिला तो खेळ वाटतोय.”

अशा वेळी ‘होतं गं असं, मनाला लावून घेऊ नकोस’ हे शब्द जिभेवर येतात. मी ते गिळले. तिला क्षमा हवी नव्हती. घरात नेमकं काय चाललंय, ते तिला कळायला हवं होतं. मी तिला एकच काम दिलं. एका संध्याकाळी तासभर सई जे जे बोलेल ते वहीत लिहायचं. आपणहून ‘हं’ म्हणायचं नाही. सईने हात ओढला, नजर वळवली, नाव घेऊन विचारलं तरच उत्तर द्यायचं. आणि प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करायची: हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती की नव्हती.

“एवढंच?” तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसत होती. उपाय विचारायला यावं आणि गृहपाठ घेऊन जावं, असं झालं होतं तिचं.

दहा दिवसांनी ती बँकेची डायरी घेऊन आली. पाच पानं भरली होती. मी म्हटलं, वाच. ती वाचायला लागली.

“आता पाणी ओतायचं. मोठ्या कपात नको, छोट्या. अगंबाई, सांडलं. सांडलं तर सांडलं. आई नाही ओरडत. पुसायचं. फडकं कुठेय? इथे नाही. तिथे नाही. हे बघ फडकं. मी पुसलं. मी करलं...”

‘केलं’च्या जागी ‘करलं’ पाहून दोघीही हसलो. या वयाची मराठी मुलं असं हमखास म्हणतात. त्यात चुकीपेक्षा अक्कलच जास्त आहे. ‘बसलं’, ‘पुसलं’ ऐकून तिने नियम स्वतः शोधून काढलाय आणि तो ‘कर’लाही लावलाय.

प्राजक्ता पुढे वाचायची थांबली. बोट मागे नेऊन तिने एक ओळ पुन्हा वाचली. “आई नाही ओरडत.” मग खुणा मोजल्या. साठ-पासष्ट वाक्यं होती. त्यांतली जेमतेम दहा-बारा सई तिच्याकडे बघून बोलली होती.

“मॅडम, ही माझ्याशी बोलतच नाहीये,” ती हळूच म्हणाली. “ही स्वतःला समजावतेय.”

मी काही बोलले नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर एक शिकले आहे: समोरच्याला स्वतःहून दिसलेली गोष्ट आपण लगेच समजावून सांगायला गेलो, तर ती त्याची राहत नाही. दोनेक मिनिटांनी तीच म्हणाली, “आणि मी प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणून तिचं स्वतःशी चाललेलं बोलणं तोडत होते. मी ‘हं’ म्हटलं की ती माझ्याकडे वळणारच ना!”

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या कामाचा पायाच हा आहे. लहान मुलं खेळताना मोठ्याने एकटीच बोलतात, याकडे शंभरेक वर्षांपूर्वी पियाजे या स्विस अभ्यासकाने लक्ष वेधलं. त्याचं म्हणणं होतं, मूल अजून दुसऱ्याचा विचार करू शकत नाही म्हणून असं बोलतं. वाढलं की हे बोलणं विरून जातं. रशियातल्या व्हायगॉट्स्कीला हे पटलं नाही. हा माणूस 1934 साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने गेला. पण मुलांच्या बोलण्याकडे बघायची जी नजर त्याने दिली, ती मला आजही सगळ्यात जवळची वाटते. त्याने मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. चित्र काढायला बसवलं आणि हव्या त्या रंगाची पेन्सिलच ठेवली नाही. तेव्हा मुलांचं हे स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. एक मूल म्हणालं, निळी पेन्सिल कुठेय? जाऊ दे, लाल वापरतो, पाण्याने ओली करतो, गडद होईल, निळ्यासारखी दिसेल.

म्हणजे हा मोठ्याने चाललेला विचार असतो. व्हायगॉट्स्कीच्या मते तो विरत नाही, आत जातो. आधी कुजबुज होते, मग नुसते ओठ हलतात, आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेक मुलांचं हे बोलणं मनातल्या मनात होऊ लागतं. आपण मोठी माणसं गॅस बंद केला का, किल्ली घेतली का, असं मनात म्हणतो ना, तेच हे. सईच्या विचाराला अजून दार बसवलेलं नाही, म्हणून तो सगळ्या घराला ऐकू येतो.

“आणि तुझ्या मनात काय चालतं?” मी विचारलं. “पार्किंगमध्ये बसतेस तेव्हा?”

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. “दिवसभर घरी नसते, तर निदान संध्याकाळी तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. मी चिडताच कामा नये. चांगल्या आईला असा कंटाळा येतच नाही.”

मी कागदावर ती तिन्ही वाक्यं लिहिली आणि त्यांतल्या ‘च’भोवती गोल केले. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत काम करणारे आम्ही लोक या ‘च’ला, म्हणजे ‘असंच व्हायला हवं’ या हट्टाला, फार ओळखून असतो. मराठीत तो एका अक्षराचा आहे, पण माणूस वाकवतो. मी तिला फक्त ‘च’ काढून वाक्यं पुन्हा वाचायला सांगितलं. “निदान संध्याकाळी उत्तर द्यायला हवं.” मग थोडी थांबून ती म्हणाली, “जमेल तेवढं.” ते दोन शब्द मी सुचवलेले नव्हते.

उरली ती आईकडे बघून बोललेली दहा-बारा वाक्यं. त्यांत ‘आई, तू कुठे गेली होतीस?’ पाच वेळा होतं. प्राजक्ता दर वेळी खरं उत्तर द्यायची, “बँकेत.” आता बँक म्हणजे काय, हे या वयात कुणाला कळतं? ज्या पोरीच्या बोलण्यात ‘काल आत्याकडे जाणार’ आणि ‘उद्या आईस्क्रीम खाल्लं’ असतं, तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ केवढा वाटत असेल? तिला पत्ता नको होता. आई गेली, आई परत आली, ही गोष्ट तिला पुन्हा पुन्हा ऐकायची होती. मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी चहा ठेवू नकोस. फोन पर्समध्ये, पर्स खुंटीला, आणि जमिनीवर पंधरा मिनिटं बैठक. तिला गोष्ट सांग: सकाळी तू खिडकीतून टाटा केलंस, मग आई गाडीवर बसली, डब्यात भेंडीची भाजी होती, मग आई परत आली. तोंडावर हात ठेवल्याबद्दलही तिला सांग, माझं चुकलं म्हणून. इतक्या लहान मुलांना काय कळतं, असं घरातलं कुणी म्हणेल. कळतं.

आणि नंतर कान दमले की तसं सांगायचं. फक्त “नंतर” म्हणू नये, कारण ‘नंतर’ या वयात समजत नाही. “कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की मी ऐकणार” हे समजतं. तिसऱ्या शिट्टीला मात्र हातातलं पोळपाट-लाटणं ठेवून वळलंच पाहिजे. (हा ‘च’ मी ठेवते.) शब्द पाळला गेला की मूल थांबायला शिकतं, माझ्याकडे येणाऱ्या घराघरांत मी हे पाहिलंय. गप्प बसवण्यासाठी मोबाइल हातात देणं सोपं असतं, ते मला समजतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, आणि तोही कमी तितका बरा. शिवाय स्क्रीन बोलते, पण सईचं ऐकून घेत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात अडकून राहिली होती. चार-चार वेळा, तीही ओरडून? स्वतःशी बोलणारं मूल ओरडत नाही. आईचं लक्ष वेधायला ओरडत असेल म्हणावं, तर बैठक सुरू झाल्यावरही ते थांबलं नव्हतं. मी प्राजक्ताला विचारलं, सई दिवसभर कुणाशी बोलते? “सासूबाईंशीच.” मी त्यांना घेऊन यायला सांगितलं.

आजी आल्या, नीट बसल्या. प्राजक्ताशी, माझ्याशी व्यवस्थित बोलल्या. सई कोपऱ्यात ठोकळे लावत होती. तिने “आजी, बघ” म्हटलं. आजींनी पाहिलं नाही. “आजी, बघ ना!” नाही. चौथ्यांदा पोर किंचाळली, तेव्हा आजी दचकून वळल्या, “अगं, हळू! कान फाटले माझे.”

वयानुसार ऐकू कमी येऊ लागलं की आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. लेकाचा भारदस्त आवाज येत राहतो, टीव्ही थोडा मोठा केला की भागतं, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. नातीचा बारीक आवाज मात्र हरवतो. दिवसाचे नऊ-दहा तास सई अशा माणसाबरोबर होती, जिथे एकदा सांगून पोचत नाही. ती चार वेळा ओरडून सांगायला शिकली आणि तेच आईलाही ऐकवू लागली. हट्ट नव्हता, लाड नव्हते, हायपर तर नव्हतंच. मी हे सांगितलं तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला वाटायचं, ही माझ्याशी बोलतच नाही. आईशीच बोलते सगळं.”

मला या प्रसंगाचं फार समाधान आहे. मूल ‘किती’ बोलतं यावर आम्ही अडून बसलो असतो, तर आजींच्या कानांपर्यंत कधीच पोचलो नसतो.

दुसरीही बाजू सांगायला हवी. खूप बोलणाऱ्या प्रत्येक मुलाबाबत निर्धास्त राहा, असं मी म्हणत नाही. मूल टीव्हीवरची, जाहिरातीतली वाक्यंच जशीच्या तशी म्हणत असेल, पण हाक मारल्यावर वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन वर्षं पूर्ण होऊनही ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तरी थांबू नका. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून वर्ष वाया घालवलेली घरं मी पाहिली आहेत. या वयात बोलताना अडखळणं मात्र बऱ्याच मुलांमध्ये येऊन जातं. “नीट बोल” असं टोकू नका, वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. फार काळ टिकलं किंवा मूल बोलायलाच कचरू लागलं, तर वाचातज्ज्ञांकडे जा.

शेवटच्या भेटीला तिघीही आल्या. आजींच्या कानाला मशीन लागलं होतं. आधी भाजी फोडणीला टाकल्याचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता म्हणे, आता सवय झाली. सई ठोकळ्यांशी बसली होती, पुटपुटत होती, “हा इथे नाही बसत, दुसरा घेऊ.” प्राजक्ता माझ्याशी बोलत राहिली. एकदाही ‘हं’ म्हणाली नाही. मनोरा झाल्यावर सई उठली, आजींच्या मांडीला टेकली आणि सवयीने पूर्ण आवाज लावून ओरडली, “आजीऽऽ!”

आजींनी तिचा गाल धरला. “अगं, येतंय ऐकू. सांग.”

सई जरा गोंधळली. मग त्यांच्या मशीनपाशी तोंड नेऊन तिने काहीतरी कुजबुजलं, आणि आजी खो खो हसल्या. काय सांगितलं, ते दोघींनी आम्हाला सांगितलं नाही.