बाहेर उघडलं की वॉरंटी गेली?

प्रश्न : आमचं वॉशिंग मशिन चार वर्षांचं, मोटरला दहा वर्षांची वॉरंटी. आता पीसीबी (मशिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बोर्ड रिपेअर करत नाही, नवीनच टाका, साडेनऊ हजार. तपकीर गल्लीतला कारागीर म्हणतो नुसता रिले (बोर्डवरचा छोटा स्विच) गेलाय, बाराशेत करतो. पण बाहेर उघडलं तर मोटरची वॉरंटी जाईल म्हणे. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो ताई, मशिन तुमचं, पैसे तुम्ही मोजलेत, कुणाकडनं उघडायचं हे सर्व्हिस सेंटरवाला कोण ठरवणार! राहिली वॉरंटी. रिपेअरच्या हक्काचा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाहीये, २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समिती नेमली, राइट टू रिपेअर पोर्टलही काढलं, त्यावर तुमची कंपनी आहे का बघून घ्या. पण २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशननं (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारा केंद्राचा आयोग) १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, कारण हेच, बाहेरच्या गॅरेजना स्पेअर पार्ट मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द. सरसकट रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामानं नुकसान झालं तर तेवढ्यापुरतीच नाकारा, असं कमिशनचं म्हणणं. निकाल गाड्यांचा आहे, पुढे अपिलंही झाली, तुमच्या मशिनला तो जसाच्या तसा लागेल असं नाही, पण भांडायला मुद्दा दणकट आहे.

म्हणून ती तोंडी धमकी आधी ईमेलवर मागा, वॉरंटी कार्डातल्या कुठल्या अटीनुसार ते पण विचारा (बरेचदा इथेच सूर बदलतो). लेखी नकार आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं.

आणि बाराशेला लगेच हो म्हणू नका. दमट हवेपासून वाचवायला कंपन्या बोर्डवर सिलिकॉन नाहीतर रेझिन ओततात, ते खरवडताना ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) उखडला की बोर्डच संपला, त्यामुळे अशा बोर्डवर त्यानं आधी काम केलंय का विचारा, बोर्ड काढण्याआधी वायरिंगचे फोटो काढा आणि गॅरंटी किती महिने ते बिलावर लिहून घ्या. नवीनच टाकायची वेळ आली तर जुना बोर्ड मागून घ्या, एक्स्चेंजच्या नावाखाली तो गुपचूप घेऊन जातात.