क्लच जळला, खर्च कोणाचा?

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटरसायकल २२,००० किलोमीटर चालली आहे. सर्व्हिसिंगहून आणली त्याच दिवशी क्लच घट्ट वाटला. साधारण ६०० किलोमीटरनंतर चढावर नुसती रेस वाढायची, गाडी ओढायची नाही. तशीच आणखी ५०० किलोमीटर चालवली आणि क्लच पूर्ण गेला. गॅरेजवाले म्हणतात, "प्लेटा जळाल्यात, म्हणजे तुम्ही लिव्हर अर्धवट दाबून, हाफ क्लचवर चालवता." प्लेट जळणं हा माझ्या चुकीचा पुरावा होतो का?

उत्तर : होत नाही. जळालेल्या प्लेटेवरून एवढंच कळतं की क्लच घसरत होता. तो कशामुळे घसरला, हे वेगळं शोधावं लागतं.

लिव्हर सोडला की स्प्रिंगांनी प्लेटांचा, म्हणजे घर्षणाचं लायनिंग लावलेल्या आणि स्टीलच्या एकाआड एक प्लेटांचा, गठ्ठा पूर्ण दाबाने आवळून धरायचा असतो. लिव्हरपासून क्लचकडे जाणाऱ्या वायरला ढील ठेवलेली नसेल, तर लिव्हर सोडलेला असूनही पुश रॉड (दाब उचलणारा दांडा) त्या दाबातला काही भाग उचलून धरतो. चालवणाऱ्याने दिवसभर लिव्हरवर बोटं टेकवून ठेवावीत, तसाच परिणाम होतो. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. चढाला, मागे माणूस बसलेला असताना, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की उरलेला दाब पुरत नाही आणि प्लेटा घसरतात. पुढे हे वाढतच जातं. लायनिंग झिजलं की गठ्ठ्याची जाडी कमी होते, तो दाबणारी प्रेशर प्लेट सरकते आणि वायरमधली उरलीसुरली ढीलही संपते. प्लेटा झिजल्यावर वायर सैल पडते, असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात ती ताठ होते.

हाफ क्लचची सवय असो की वायरला ढील नसो, आतलं दृश्य सारखंच दिसतं : लायनिंग काळंठिक्कर, स्टीलच्या प्लेटांवर निळे-जांभळे पट्टे, ऑइलला करपल्याचा वास. त्यामुळे नुसती प्लेट दाखवून कोणाचाही दोष सिद्ध होत नाही. वाद घालायचाच तर पुढच्या गोष्टींवरून घाला.

पहिली गोष्ट, वेळ. तुमची चालवण्याची सवय सर्व्हिसिंगच्या दिवशी बदललेली नाही. २२,००० किलोमीटर त्याच हाताखाली चाललेला क्लच सर्व्हिसिंगनंतर ६०० किलोमीटरच्या आत घसरू लागला, तर त्या दिवशी नेमकं काय केलं हे आधी विचारलं पाहिजे. जॉब कार्डवर क्लच ॲडजस्ट केल्याची, वायर बदलल्याची किंवा इंजिन ऑइल घातल्याची नोंद आहे का, ते बघा.

दुसरी, 'घट्ट' म्हणजे काय ते नीट सांगा. लिव्हर दाबायला जड असेल, तर वायर आत कोरडी, वाकलेली किंवा तुटत आलेली असू शकते. त्याने क्लच जळेलच असं नाही. लिव्हर हलवताक्षणी ताण लागत असेल, मधे मोकळी चाल नसेल, तर ढील नव्हती. तुमचा दावा या दुसऱ्या प्रकारावर उभा राहतो. त्या दिवशी फोनवर किंवा मेसेजने तसं कळवलं असेल, तर ते जपून ठेवा.

तिसरी, कोणी वायर सैल करण्याआधी माप घ्या. लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पुन्हा मोजा, कारण वायर चुकीच्या बाजूने नेलेली असेल तर हँडल वळवल्यावर ती ताणली जाते. वायरचा ताण कमी-जास्त करणारा, लिव्हरजवळचा आणि इंजिनाजवळचा ॲडजस्टर किती आटे बाहेर आहे, त्याचा फोटो काढा. मात्र आज चाल शून्य निघाली म्हणून सर्व्हिसिंगच्या दिवशीही ती शून्यच होती, असं ठरत नाही. प्लेटा जळताना ती संपलेली असू शकते. गॅरेजवाले हा मुद्दा काढतील आणि तो रास्त आहे. म्हणून माप, जॉब कार्ड आणि पहिल्या दिवसाची तक्रार ही तिन्ही एकत्र मांडा.

चौथी, स्प्रिंगा. सगळ्या काढून शेजारी-शेजारी उभ्या करा आणि मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा. पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा आखूड निघाल्या, तर दाब आधीच कमी झाला होता. तो झिजेचा भाग आहे, त्यात गॅरेजचा दोष नाही.

आता वाटणी. पहिल्या दिवसाची तक्रार आणि क्लच ॲडजस्ट केल्याची नोंद दोन्ही असतील, तर लायनिंगच्या प्लेटा आणि मजुरी गॅरेजने सोसावी. प्लेटांचं काही आयुष्य आधीच वापरून झालं होतं, तेवढी सूट मागायचा हक्क त्यांनाही आहे. पण घसरतोय हे कळल्यावर चालवलेले ५०० किलोमीटर तुमच्या खात्यात जातात. त्या काळात स्टीलच्या प्लेटा तापून वाकल्या असतील, तर तो भार तुमच्यावर येतो.

आणि नवीन प्लेटा घालण्याआधी ऑइल पूर्ण काढा, ऑइलची जाळी धुवा, फिल्टर असेल तर बदला. जळालेल्या लायनिंगचा भुगा ऑइलात मिसळून जाळीवर बसतो आणि इंजिनाला ऑइल कमी पडू लागतं. हे राहिलं, तर पुढच्या बिघाडावरून दुसरं भांडण सुरू होईल.

प्रश्न : मित्राची मोटरसायकल एका दिवसासाठी नेली. डोंगरातल्या रस्त्यावर दोघं होतो. संध्याकाळी क्लच गेला. मित्र म्हणतो, पूर्ण खर्च तू दे. एका दिवसात क्लच जळतो का?

उत्तर : जळतो. चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी लिव्हर अर्धा दाबून रेस देत काढायला गेलात, तर काही मिनिटंही पुरतात. उभ्या चढावर ब्रेक न धरता क्लचवर गाडी तोलून ठेवली, तरी तेच. पण त्या दिवशी जळाला की आधीच मरणपंथाला होता, हे उघडल्यावर बऱ्यापैकी कळतं.

लायनिंगची जाडी मोजा. नवी प्लेट साधारण ३ मिलिमीटरची असते आणि ०.३ मिलिमीटरच्या आसपास झिजली की बदलायची वेळ येते. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकात बघा. जाडी बरीच शिल्लक, पृष्ठभाग मात्र काचेसारखा गुळगुळीत आणि स्टीलच्या प्लेटा निळ्या, असं असेल तर थोड्या वेळात खूप उष्णता झाली आहे. ती त्या दिवसाची असण्याची शक्यता मोठी. लायनिंग मर्यादेखाली गेलं असेल, तर क्लच हाउसिंगची, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याची, बोटं बघा. प्लेटांचे कान ज्या खाचांत सरकतात, त्यांच्या कडेवरून नख फिरवा. कान आपटून आपटून तिथे पायऱ्या पडतात आणि नख प्रत्येक पायरीवर अडकतं. असे घाव एका दिवसात पडत नाहीत, हजारो किलोमीटर लागतात. लायनिंग संपलेलं आणि घाव खोल, तर तुमच्या हातात क्लचचा फक्त शेवट झाला. तेव्हा निम्म्याहून जास्त भार मित्राने उचलणं योग्य. घाव हलके असतील तर बारीक कानसने साफ होतात, अर्ध्या मिलिमीटरहून खोल असतील तर हाउसिंग बदला. ते बदलण्याचा खर्च तुमच्यावर टाकता येणार नाही.

प्रश्न : गॅरेजने कारचं ऑइल घातलं आणि क्लच घसरू लागला. दोष त्यांचा ना?

उत्तर : बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या, विशेषतः इंधन वाचवणाऱ्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती चालतात, क्लचला घर्षणच हवं असतं. म्हणूनच १९९८ मध्ये जपानचं जासो टी ९०३ हे प्रमाण आलं. डब्यावर एमए, एमए१ किंवा एमए२ असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल आहे. स्कूटरला ठीक, तुमच्या गाडीला नाही.

बिलावर ऑइलचं नाव आणि ग्रेड लिहिलेला असेल आणि तो पुस्तकाशी जुळत नसेल, तर दोष गॅरेजचा. ऑइल तुम्ही स्वतः आणून दिलं असेल तर तुमचा. प्लेटा अजून जळाल्या नसतील, तर लगेच योग्य ऑइल घाला, १०० किलोमीटर हलक्या हाताने चालवा आणि ते पुन्हा बदला. बऱ्याचदा पकड परत येते. काढलेलं ऑइल पुरावा म्हणून स्वच्छ बाटलीत थोडं राखून ठेवा.

प्रश्न : नवीन प्लेटा घातल्या. २०० किलोमीटरमध्येच गाडी सुटताना थरथरते आणि न्यूट्रल लागत नाही. मेकॅनिक म्हणतो प्लेटाच खराब, दुकानदार म्हणतो बसवल्या चुकीच्या.

उत्तर : तुमची लक्षणं आधी बसवण्याकडे बोट दाखवतात. कोरड्या प्लेटा ऑइलात न भिजवता बसवल्या, तर सुरुवातीलाच चटका बसतो. काही मॉडेलांत शेवटच्या प्लेटेचे कान वेगळ्या खाचेत जातात, काहींत थरथर रोखणारी बशीच्या आकाराची स्प्रिंग विशिष्ट बाजूनेच बसते. बोल्ट एका ओळीत आवळले, तर प्रेशर प्लेट तिरकी बसते. ते समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे असतात. स्टीलच्या जुन्या प्लेटा काचेवर ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. मर्यादेपेक्षा जास्त फट निघाली, तर वाकलेली प्लेट परत वापरली आहे. हे सगळं मेकॅनिकच्या कामात येतं.

प्लेटेचाच दोष वेगळा दिसतो : लायनिंगचा तुकडा पत्र्यापासून अख्खाच्या अख्खा सुटून येतो, खालचा पत्रा स्वच्छ आणि स्टीलवर निळा डाग नाही. तसं असेल तर वेष्टन, भाग क्रमांक आणि बिल घेऊन दुकानदाराकडे जा. क्लच उघडताना मात्र दोघांनाही समोर बोलवा.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायची आहे. पैसे देण्याआधी क्लच कसा तपासू?

उत्तर : इंजिन गरम करा. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा. रेस झटकन चढली आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे. मग गाडी थांबवून मेन स्टँडवर लावा, पहिला गिअर टाका, लिव्हर दाबा आणि मागच्या चाकाला ब्रेक लावा. इंजिन बंद पडू लागलं, तर क्लच पूर्ण सुटत नाही. शेवटी ॲडजस्टर बघा. तो जवळजवळ संपेपर्यंत फिरवलेला असेल, तर नव्या क्लचचा खर्च धरून भाव ठरवा आणि त्या दिवसाचं किलोमीटर व्यवहाराच्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून घ्या.