सोबतचे सायकलस्वार सिग्नल तोडतात, बोलू का?

ताईंना नमस्कार. मी सांगलीतल्या एका बँकेत अधिकारी आहे. रविवारी पहाटे आमचा दहा-बारा जणांचा सायकल ग्रुप राम मंदिर चौकातून निघून मिरजमार्गे दंडोबाच्या डोंगराकडे जातो. सर्वांत पुढे आमचे सर असतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. मला सायकलची गोडी त्यांनीच लावली, पंक्चर काढायलाही त्यांनीच शिकवले. पुष्पराज चौकात किंवा विश्रामबागेत लाल दिवा असला तरी सर इकडेतिकडे पाहून निघतात आणि त्यांच्यामागून सगळे जातात. मी थांबते. मग “मॅडम, सिग्नलला हळदीकुंकू लावून या” अशी थट्टा होते. मागे पडू नये म्हणून कधी कधी मीही तशीच गेले आहे. गेल्या महिन्यात आमच्यामुळे एका दूधवाल्याला मोटारसायकल करकचून थांबवावी लागली, त्याचे कॅन रस्त्यावर आपटले, आणि वर आमच्यातल्याच दोघांनी त्याला दम दिला. ग्रुपमधली एक कॉलेजची मुलगीही आता न थांबता जाते. यजमान म्हणतात, “गप्प बस, उगीच वाईटपणा घेऊ नकोस.” मी बोलू का? आणि रस्त्यात भेटणाऱ्या इतर सायकलवाल्यांनाही हटकावे का?
– सिग्नलवर एकटी, सांगली

सप्रेम नमस्कार.

बोला. मात्र चौकात बोलू नका, व्हॉट्सॲपवर लिहू नका आणि दहा जणांना एकदम सुनावू नका. केवळ सरांशी बोला, तेही एकांतात.

सरांशीच का, ते सांगते. जे ओळीने सायकल चालवतात त्यांना ठाऊक असते की पहिला सोडला तर बाकीच्यांची नजर रस्त्यावर कमी आणि पुढच्याच्या मागच्या चाकावर जास्त असते. चाकाला चाक लागू नये म्हणून ती तशी ठेवावीच लागते. त्यामुळे सर इकडेतिकडे पाहून जेव्हा निघतात, तेव्हा ते स्वतःपुरते पाहून निघालेले असतात. शेवटचा माणूस चौकाच्या मध्यावर येईपर्यंत काही सेकंद उलटतात आणि तेवढ्यात आडव्या रस्त्यावरून कोण येईल हे सरांनी पाहिलेले नसते, पाहणे शक्यही नसते. तुमच्या पत्रातला दूधवाला नेमका याच सेकंदांत आला असणार. आता गाळपाच्या हंगामाचा विचार करा. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असेल तर असेल, आणि ब्रेक दाबल्यावर तो कुठे थांबेल याचा भरवसा त्याच्या ड्रायव्हरलाही नाही. पहाटे रस्ता मोकळा असतो असे आपण म्हणतो, पण जी थोडी वाहने असतात ती त्याच भरवशावर वेगाने येतात.

सर शिक्षक होते, तेव्हा मुद्द्याला मुद्दा मांडतील, तयारी ठेवा. कायदा सायकलला लागू नाही, असे ते म्हणू शकतील आणि त्यात थोडे तथ्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ ने सिग्नल पाळण्याचे बंधन मोटार वाहन चालवणाऱ्यावर घातले आहे, आणि नंबर प्लेट नसलेल्या सायकलला ई-चलान तरी कोण पाठवणार? परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे चालवलेले कोणतेही वाहन येते, फक्त मोटार नव्हे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात झालाच, तर भरपाईच्या दाव्यात सायकलस्वाराचाही निष्काळजीपणा ठरल्यास रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. मला मात्र याहून जास्त टोचते ती दुसरी बाजू: हिरव्या दिव्यावर निघालेला तो दूधवाला तुमच्यातल्या कुणाला धडकला असता, तर चूक नसताना पोलीस ठाण्याच्या खेपा त्याच्या नशिबी आल्या असत्या. त्याला दम देणाऱ्या दोघांना हे कुणीतरी सांगायला हवे होते. तुम्हाला ते तेव्हा सुचले नाही, यात नवल नाही.

परदेशात चालते, हेही ऐकायला मिळेल. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ साली सायकलस्वारांना लाल दिव्यावर पुढे जाण्याची मुभा दिली, हे खरे आहे. पण तिथेही आधी पूर्ण थांबावे लागते, आडव्या रहदारीला वाट द्यावी लागते आणि मगच निघता येते. आपल्याकडे लोक त्यातले निघणे तेवढे उचलतात. सिग्नल पिवळा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वेग कमी करून, जपून जायचे असते, आणि तिथे तुम्हीही अडून बसू नका.

ग्रुपमध्ये कुणी ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीची, तयारी करत असेल तर तुमच्या हाती आणखी एक मुद्दा आहे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि रहदारीचे नियम पाळणे ही तिथली अट असते. जो रविवारी सिग्नल तोडण्याची सवय लावून घेतो, त्याला त्या दिवशी ती आठवणीने मोडावी लागते. साडेतेरा तासांत मिनिटभराच्या थांब्याने काय बिघडते, हे सरांना सांगावे लागणार नाही.

आता बोलायचे कसे? दोष दाखवून सुरुवात केली तर सर स्वतःचा बचाव करू लागतील आणि ते तुमचे गुरुस्थानी असल्याने तुम्ही अर्ध्यातच गप्प व्हाल. त्याऐवजी असे म्हणून पाहा: “सर, तुम्ही निघालात की मागचे आम्ही सगळे न बघता निघतो. दूधवाल्याच्या प्रसंगापासून माझ्या मनात धाकधूक आहे. तुम्ही थांबलात तर सगळे थांबतील. आणि मी यापुढे थांबणारच आहे, तेव्हा पुढे गेलात तर मिरजेत गांधी चौकात माझी वाट पाहा.” यात आरोप नाही, पण आडपडदाही नाही. शेवटचे वाक्य गाळू नका. तुमच्या थांबण्याला सरांच्या परवानगीची गरज नाही, हे त्यातून त्यांनाही कळेल.

अर्थात ते वाक्य उच्चारल्यावर तुम्हाला ते पाळावे लागेल. कधी कधी तुम्हीही तशाच गेलात, हे तुम्ही प्रांजळपणे लिहिले, म्हणून स्पष्ट सांगते: थट्टा करणाऱ्यांना तुमच्या थांबण्याचा राग नाही, तुम्ही एखाद्या रविवारी थांबता आणि एखाद्या रविवारी नाही, म्हणून त्यांना तो तुमचा लहरीपणा वाटतो. दर वेळी थांबू लागलात की हळदीकुंकवाचा विनोद महिनाभरात शिळा होईल. कॉलेजच्या मुलीला वेगळा उपदेश नको. “माझ्यासोबत थांब, दोघी मिळून त्यांना गाठू” एवढे म्हणा. बहुधा तिलाही एकटीने मागे राहायचे नसते.

रस्त्यातल्या अनोळखी लोकांना हटकू नका. कुपवाड एमआयडीसीतली पाळी गाठायला जुन्या सायकलवरून निघालेला कामगार आणि हौसेने लाखाची सायकल चालवणारे आपण यांना एकाच शब्दांत बोलणे मला पटत नाही. त्याची पाच मिनिटे पगारातून कापली जाऊ शकतात, आपली फार तर चहातून. हौशी अनोळखी माणसालाही भर चौकात बोललात तर हुज्जत होईल, आणि चौक हुज्जतीची जागा नव्हे. शाळकरी मूल मात्र दिसले, तर “बाळा, हिरवा होऊ दे” म्हणायला कुणाची ओळख लागत नाही.

यजमान म्हणतात तसा वाईटपणा येईल का? थोडा येईल. सर दोन रविवार कमी बोलतील. ज्यांनी पंक्चर काढायला शिकवले त्यांच्याशी तुमचे नाते एवढ्याने तुटेल असे मला पत्रावरून वाटत नाही. ते नाहीच थांबले, तर तुम्ही आणि ती मुलगी थेट मिरजेपासून ग्रुपला सामील व्हा. तिथून पुढे दंडोबापर्यंत सर्वांसोबत जाता येईल.

फोन शनिवारी संध्याकाळी करा. रविवारी पहाटे सगळ्यांचे लक्ष टायरमधल्या हवेकडे असते.