अंजनी: ओळख आणि कोल्हापुरात लागवड

आंबा घाटाच्या माथ्यावर दिसलेलं, चकचकीत पानांचं आणि फांद्यांना निळे गुच्छ लागलेलं झुडूप कोणतं, आणि ते कोल्हापुरात घरच्या बागेत येईल का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून ती अंजनी. येईल, पण मातीकडे आधी बघावं लागेल.

फुलं नसतानाही ती ओळखता येते. पानं समोरासमोर, जाड, देठ अगदी आखूड. उजेडाकडे धरलं तरी मधली शीर सोडून दुसरी शीर नीट दिसत नाही. जांभळाच्या पानात बारीक समांतर शिरा दिसतात आणि चुरगळलं की वास येतो. पिसा या झाडाची पानं फांदीच्या टोकाला झुबक्याने असतात आणि खालून पांढुरकी दिसतात. सह्याद्रीच्या माथ्यावर ही तिन्ही एकत्रच वाढतात, म्हणून घोटाळा होतो. फुलं फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, पानं गळून गेलेल्या जुन्या पेरांवर येतात. त्यामुळे जुन्या फांद्या छाटल्या की बहर गेलाच म्हणून समजा.

आता माती. अंजनी जांभा दगडाच्या आम्ल जमिनीतली. ती पानांत ॲल्युमिनियम साठवते, म्हणून रंगकामात तुरटीऐवजी हिची पानं वापरत. वारा, ऊन, कातळ सगळं सोसते, पण चुनखडी सोसत नाही. कोल्हापूरच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर नवी पानं पिवळी पडतात, फक्त मधली शीर हिरवी राहते. उसावर पडतो तोच केवडा, म्हणजे लोह कमी पडून पानं पिवळी होणं. जमिनीत लोह असतं, पण सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) चढल्यामुळे मुळांना घेता येत नाही. मातीत हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) टाकूनही फार उपयोग होत नाही, तोही तिथेच अडकतो. लिटरला 5 ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. तेवढ्यापुरता हिरवेपणा येतो. खरा इलाज माती बदलणं हाच.

चिमूटभर मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर चुनखडी भरपूर आहे. फसफसली नाही तरी माती तपासून घ्या, सामू 5.5 ते 6.5 हवा. जास्त असेल तर खड्डा खणू नका, कारण भोवतालचं चुनखडीचं पाणी त्यात झिरपतं. जमिनीवर दीड फूट उंच वाफा करा: जांभ्याची लाल माती दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक, जाड वाळू एक. राख अजिबात घालू नका, ती सामू आणखी चढवते. पाणी शक्यतो छपरावरून साठवलेलं पावसाचं द्या.

रोप बियांपासूनच करा, छाट कलमं क्वचित जगतात. मे-जूनमध्ये काळी पडलेली फळं घ्या, गर धुऊन काढा आणि त्याच दिवशी रोपांच्या पिशव्यांत बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पेरा. बी उन्हात वाळवलं की मेलं. उगवायला कित्येक आठवडे लागतात, पिशव्या लवकर फेकून देऊ नका. पहिली दोन वर्षं शेडनेटखाली ठेवा. वाढ फार सावकाश असते. जास्त खत घालून ती हलत नाही, मुळं मात्र जळतात. रोप फूटभर झालं की जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर, मातीच्या गोळ्यासकट लावा.

जंगलातलं रोप उपटून आणू नका. सोटमूळ तुटतं आणि ते जगत नाही. राधानगरी अभयारण्यातून तर बीसुद्धा घेऊ नका. ओळखीच्या मालकी रानातून, विचारून घ्या.