मानवयुग नाकारलं म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : मुलीच्या प्रोजेक्टसाठी वाचत होते तर एकीकडे लिहिलंय की आपण अँथ्रोपोसीन म्हणजे मानवयुगात राहतो, दुसरीकडे लिहिलंय की २०२४ साली ते नाकारलं. खरं काय? माणसाने पृथ्वी बदलली हे शास्त्रज्ञांना मान्यच नाही का?

उत्तर : मान्य आहे हो, त्यावर वाद नव्हताच. वाद होता रेघ कुठे मारायची याचा. भूशास्त्रात नवं युग जाहीर करायचं तर कुठल्यातरी एका जागी दगडात, बर्फात नाहीतर गाळात बोट ठेवून दाखवावं लागतं की इथपर्यंत जुनं आणि इथून वर नवं. आत्ताचं होलोसीन युग साधारण ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालं, त्याची खूण ग्रीनलंडच्या बर्फात आहे.

अँथ्रोपोसीन हा शब्द २००० साली पॉल क्रुट्झेन आणि यूजीन स्टॉर्मर या शास्त्रज्ञांनी पुढे आणला, मग २००९ पासून एक अभ्यासगट अशी खूण शोधत होता आणि २०२३ मधे त्यांनी कॅनडातलं क्रॉफर्ड तळं निवडलं. हे तळं मला फार आवडतं. लहानसंच, पण इतकं खोल की तळाचं पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे गाळ जिथल्या तिथे राहतो. उन्हाळ्यात कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचा पांढरा थर बसतो, त्यावर नंतर काळपट थर, अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष, झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतो तसं मोजत जायचं. १९५० च्या आसपासच्या थरांत अणुचाचण्यांचं प्लुटोनियम दिसायला लागतं, कोळसा जाळल्यावर उडणारे बारीक कणही वाढतात.

तरीही मार्च २०२४ मधे भूशास्त्रज्ञांच्या संबंधित उपसमितीत, ही रेघ धरून नवं युग मानायचा प्रस्ताव १२ विरुद्ध ४ मतांनी पडला आणि त्यांच्या वरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तोच निकाल कायम ठेवला. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की शेती आणि जंगलतोड हजारो वर्षांची, मग सुरुवात १९५० लाच कशी धरायची? काहीजण म्हणतात युग नको, 'घटना' म्हणा, हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन वाढला त्यालाही घटनाच म्हणतात. मला हे जास्त पटतं, कारण बदल सगळीकडे एकदम झालाच नाही.

प्रोजेक्टमधे अधिकृत युग होलोसीनच लिहा, अँथ्रोपोसीन हा शब्द वापरायला हरकत नाही, फक्त तो अधिकृत नाही एवढं नमूद करा. आणि होलोसीनचा शेवटचा टप्पा, ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला, त्याचं नाव मेघालयन, त्याची रेघ मेघालयातल्या गुहेतल्या चुनखडीच्या खांबात आहे, मुलीला त्याचं चित्र नक्की काढायला सांगा.