भिंतीवर अमली पदार्थाचा अंश सापडला म्हणून अनामत अडवता येते का?

प्रश्न : आम्ही दोघं आणि आमचा लहान मुलगा तीन वर्षं एका भाड्याच्या घरात राहिलो. किल्ल्या परत दिल्यावर दोन महिन्यांनी घरमालकांचा ईमेल आला. भिंतींच्या तपासणीत मेथाम्फेटामाइन (‘मेथ’) या अमली पदार्थाच्या धुराचा अंश सापडला आहे, त्यामुळे सफाई, रंग आणि नव्या गालिच्यांचा खर्च आमच्याकडून घेणार आणि अनामत परत देणार नाही, असं ते म्हणतात. आमच्या घरात कोणी साधी सिगारेटही ओढत नाही. आता ‘अर्धे पैसे द्या, विषय मिटवू’ असा निरोप आलाय. द्यावेत का?

उत्तर : नाही. आणि ‘अर्धे देतो’ असं लिहूनही पाठवू नका, कारण ते वाक्य उद्या कबुली म्हणून तुमच्यासमोर ठेवलं जाईल. पुढे तडजोड करावीशी वाटलीच, तर प्रत्येक पत्रावर ‘जबाबदारी मान्य न करता, हक्क राखून’ असं स्पष्ट लिहा.

मुद्दा असा की अंश सापडणं वेगळं आणि तो तुमच्यामुळे आला हे सिद्ध होणं वेगळं. भरपाई मागणाऱ्यानं आपला दावा शाबित करायचा असतो. त्यासाठी तुम्ही ताबा घेतलात तेव्हा घर स्वच्छ होतं, हे मालकांना दाखवावं लागेल. तुमच्या आधी अशी तपासणी केली होती का? नसेल, तर तुलना कशाशी करणार? या धुराचा थर भिंतींवर, छतावर, पडद्यांत वर्षानुवर्षं टिकतो, वरून रंग दिला तरी नाहीसा होत नाही. तो तुमच्या आधीच्या भाडेकरूच्या काळातला असू शकतो. शिवाय तुम्ही गेल्यावर दोन महिने किल्ल्या कोणाकडे होत्या, तिथे कोण राहिलं, कोण कामाला आलं, हेही त्यांनीच सांगायला हवं.

आता अहवाल मागवा, आणि संपूर्ण मागवा. ‘पॉझिटिव्ह’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका. साधारणपणे १० बाय १० सेंटिमीटरचा, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरचा भाग पुसून नमुना घेतात आणि त्यातलं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये देतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. काही वेळा पाच-सहा जागांचे नमुने एकत्र करून एकच बेरीज छापतात. ती एका भिंतीचं प्रमाण म्हणून वाचली, तर चित्र कितीतरी पट भयंकर दिसतं. म्हणून नमुना कोणी घेतला, कोणत्या खोलीतून, कोणत्या तारखेला, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या हातात होता, हे एकेक विचारा.

किती प्रमाण धोक्याचं, यावर न्यूझीलंडचा अनुभव प्रत्येक भाडेकरूला माहीत असावा. तिथे २०१७च्या मानकात मर्यादा १०० चौरस सेंटिमीटरला १.५ मायक्रोग्रॅम होती. २०१८मध्ये पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांच्या अहवालानं सांगितलं की, निव्वळ ओढण्यातून उरलेल्या अंशामुळे घरात राहणाऱ्यांना इजा झाल्याचा पुरावा नाही, आणि १५ मायक्रोग्रॅमची पातळी सुचवली. तोवर सरकारी घरांतून कितीतरी कुटुंबं बाहेर काढली गेली होती. ती घरं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेला माफी मागून भरपाई द्यावी लागली. इतर ठिकाणी मर्यादा वेगळ्या आहेत, म्हणून तुमच्याकडे कोणती लागू होते हे आधी पाहा. मात्र घरात मेथ तयार केल्याच्या खुणा असतील तर प्रकरण गंभीर आहे; तिथे घातक रसायनंही उरतात. तसं असेल तर मुलाच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

‘आम्ही निर्दोष’ हे दाखवायला घाईनं केसांची चाचणी करू नका. थर असलेल्या घरात राहिल्यानंही केसांत अंश येऊ शकतो, आणि मग तोच कागद तुमच्या विरुद्ध वापरला जाईल.

एक अवघड प्रश्न मला विचारायलाच हवा. तुमच्या गैरहजेरीत कोणी त्या घरात राहिलं होतं का? बऱ्याच ठिकाणी पाहुण्यानं किंवा पोटभाडेकरूनं केलेल्या नुकसानीला भाडेकरू जबाबदार धरला जातो. तसं काही असेल तर ते आधी तुमच्या वकिलाला सांगा, मालकांना नाही. आरोप अमली पदार्थाचा आहे, म्हणून फोनवर कोणालाही कसलीच माहिती देऊ नका.

समजा, जबाबदारी तुमच्यावर आलीच. तरी जुन्या गालिच्याच्या बदल्यात नव्याची पूर्ण किंमत लागत नाही; वापरानं झालेली घट वजा होते. पुसून भागणार असेल तर सगळं उखडून बदलल्याचा खर्चही मागता येत नाही.

या आठवड्यात एवढं करा : आरोप अमान्य असल्याचं आणि वरची सगळी कागदपत्रं हवी असल्याचं लेखी कळवा. भिंती अजून धुतल्या नसतील, तर दोन्ही बाजूंसमोर नवे नमुने घेण्याची मागणी करा. घर घेताना आणि सोडताना काढलेले फोटो जपून ठेवा. अनामतीचा दावा दाखल करायला मुदत असते. ती किती आहे हे स्थानिक वकिलाला लगेच विचारा आणि उत्तराची वाट पाहण्यात ती घालवू नका.